काचेच्या टाकीतील बेणे

ऊस कसा लावतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला माशांच्या टाकीतील वनस्पती कशा वाढवाव्यात हे निम्मे ठाऊक आहे असे समजावे. उसाचे बेणे म्हणजे खोडाचा तुकडा. त्याच्या पेरावर डोळा असतो. सरीत दाबला की डोळा फुटतो आणि पेरापाशी मुळे सुटतात. बियाण्याची गरज पडत नाही. हायड्रिला, लिम्नोफिला, रोटाला, हायग्रोफिला या खोडाने वाढणाऱ्या पाणवनस्पतींचेही तंत्र हेच आहे. आमच्या बऱ्हाणपूरकडे उसापेक्षा केळी अधिक, पण केळीही बियांवर वाढत नाही. ती मुनव्यांपासून, आणि अलीकडे ऊतिसंवर्धनाच्या रोपांपासून लावतात. तेव्हा शाकीय पुनरुत्पादन हा पाठ आमच्याकडच्या शेतकऱ्याला पुस्तकातून शिकावा लागत नाही.

या वनस्पती दुकानात रबराने बांधलेल्या जुडीच्या रूपाने मिळतात आणि त्या परदेशी असाव्यात असा अनेकांचा समज असतो. पुष्कळशा आपल्याच आहेत. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत नरसाळ्याखाली ठेवून प्राणवायूचे बुडबुडे मोजायला जी हायड्रिला वापरतात, ती तळ्यात आणि कालव्यात फुकट मिळते. रोटाला आणि लिम्नोफिला (दुकानदार हिला अंबुलिया म्हणतात) भाताच्या खाचरात तण म्हणून उगवतात. हायग्रोफिला ही तालिमखान्याची जवळची नातलग. ब्राह्मीसुद्धा पाण्याखाली जगते, फक्त सावकाश वाढते.

आता कलम करताना नेमके काय घडते ते पाहू. खोडाच्या शेंड्यात ऑक्झिन नावाचे संप्रेरक तयार होते आणि ते खाली उतरत जाते. त्याच्या प्रभावामुळे खालच्या पेरांवरील डोळे झोपून राहतात. शेंडा खुडला की हा धाक संपतो, आणि कापाच्या खालच्या एकदोन पेरांतून नवे फुटवे निघतात. इकडे खुडलेल्या शेंड्यातही ऑक्झिन बनतच असते. ते तळाच्या कापापाशी साचते आणि तेथे आगंतुक मुळे फुटण्यास मदत करते. एकाच कापाने वरच्या तुकड्याला मुळे आणि खालच्या बुंध्याला फांद्या मिळतात. एका खोडाची चार खोडे व्हायला महिना-दीड महिना पुरतो.

कृती सोपी आहे. वीतभर उंचीची, सतेज शेंड्याची फांदी घ्यावी आणि पेराच्या किंचित खाली धारदार कात्रीने कापावी. बोथट कात्रीने खोड चेंगरते व कुजते. खालच्या दोन पेरांवरील पाने काढून टाकावीत, कारण वाळूत गाडलेले पान सडते आणि सोबत खोडालाही सडवते. मग चिमट्याने तिरपी धरून ती दोन पेरे वाळूत जातील इतकी खोचावी. उसाच्या सऱ्यांप्रमाणे येथेही अंतर राखायचे असते. दुकानातून आणलेली जुडी तशीच रोवून देणे ही सर्रास आढळणारी चूक आहे. जुडीच्या मध्यभागी प्रकाश पोचत नाही, पाने गळतात, आणि पंधरा दिवसांत वर झुपका व खाली नुसत्या काड्या असे केरसुणीचे चित्र दिसू लागते. तळ उघडा पडलेल्या जुन्या खोडाला खत घालून फारसा उपयोग होत नाही. शेंडे कापून नव्याने लावावेत आणि म्हातारे बुंधे उपटून टाकावेत, हेच उत्तम.

नव्या विकत आणलेल्या रोपांची पाने पहिल्या आठवड्यात झडली तर घाबरू नये. रोपवाटिकांत ही रोपे बहुधा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात. हवेतले पान जाड असते. पाण्यातले पान पातळ, मऊ आणि कित्येकदा आकारानेही निराळे असते. टाकीत गेल्यावर वनस्पती जुनी पाने टाकते आणि पाण्याला साजेशी नवी काढते.

खरी अडचण पाण्याची आहे, आणि बऱ्हाणपुरात ती ठळकपणे दिसते. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, सातपुड्याच्या पायथ्याचे भूजल उताराने शहरात आणणारी कुंडी भंडारा ही योजना येथे उभी राहिली. शंभराहून अधिक कुंड्या जमिनीखालच्या बोगद्याने एकमेकींशी जोडलेल्या आहेत. या बोगद्यांच्या भिंतींवर क्षारांचे पांढरे थर बसलेले दिसतात. खडकांतून झिरपत येणारे पाणी चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार सोबत घेऊन येते, त्याचीच ही खूण. घरातील पातेल्याच्या तळाशी जमणारी पांढरी खर हाच प्रकार. असे दुष्फेन पाणी पिण्यास चालते, माशांनाही बहुधा मानवते, पण सगळ्या वनस्पतींना मानवत नाही.

कारण असे की पाण्यात कर्बवायू फार हळू पसरतो. हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी हळू. त्यातून पाणी अल्कधर्मी असले की मोकळा कर्बवायू जवळजवळ उरतच नाही, तो बायकार्बोनेटच्या रूपात बांधला जातो. हायड्रिला व सेरॅटोफायलम यांना या बायकार्बोनेटमधून कर्ब काढून घेता येतो. हे करताना हायड्रिलाच्या पानाची वरची बाजू अल्कधर्मी होते आणि तिच्यावर चुन्याचे बारीक कण जमतात. हात लावला तर पान खरखरीत लागते. कुंडी भंडाऱ्याच्या भिंतीवर जे घडते, तेच या पानावर लहान प्रमाणात घडते! काबोम्बासारख्या नाजूक वनस्पतीला मात्र ही युक्ती साधत नाही. अशा पाण्यात ती उपाशी मरते आणि आपण प्रकाश वाढवत बसतो. प्रकाश वाढला आणि कर्ब मात्र तेवढाच राहिला, तर फायदा काचेवरच्या शेवाळाचा होतो.

म्हणून विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी वापरणाऱ्याने आधी हायड्रिला, सेरॅटोफायलम आणि व्हॅलिस्नेरिया लावाव्यात असे माझे मत आहे. (व्हॅलिस्नेरिया खोडाने नव्हे, धावत्या फुटव्यांनी पसरते, पण तिलाही हे पाणी चालते.) इतर काही हवे असल्यास पहिले दोन-चार पाऊस सोडून गच्चीवरचे पाणी साठवावे व निम्मे निम्मे मिसळावे. तळाच्या वाळूवर लिंबाचा रस टाकून पाहावा. फेस आला तर तिच्यात चुना आहे, ती पाणी आणखी कठीण करील. दिवा आठ तास पुरे. मे महिन्यात टाकी खिडकीपासून दूर असावी, कारण तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. शिवाय वनस्पती रात्री प्राणवायू देत नाहीत, घेतात. दाट लावलेल्या टाकीत पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात ते यामुळे.

राहता राहिला छाटलेल्या तुकड्यांचा प्रश्न. तळ्यातून आणलेली हायड्रिला टाकीत घालण्यापूर्वी पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटे बुडवावी, म्हणजे गोगलगाईंचा उपद्रव टळतो. याच्या उलट, टाकीतले काहीही तापीत, नाल्यात किंवा तळ्यात टाकू नये. जी शक्ती आपल्याला एका खोडाची चार खोडे देते, ती बाहेरही थांबत नाही. आपली हायड्रिला १९५० नंतर मत्स्यालयांच्या व्यापारातून अमेरिकेत फ्लोरिडाला गेली. तेथे पसरलेल्या वाणात केवळ मादी झाडे होती, म्हणजे बी धरण्याचा प्रश्नच नव्हता. तरी नुसते तुकडे आणि कंद यांच्या बळावर तिने तळी आणि कालवे भरून टाकले. उलट दिशेने दक्षिण अमेरिकेतील काबोम्बा केरळात आली. २०२० मध्ये कोझिकोडजवळच्या आवळपांडी येथे तिच्या गुलाबी फुलांनी पाण्याचा ओढा भरून गेला, तेव्हा तो पाहायला लोकांची रीघ लागली होती. त्या गालिच्याखाली तेथील मूळच्या पाणवनस्पतींना जागा उरत नाही. छाटणीचे तुकडे दोन दिवस कडक उन्हात वाळवावेत आणि कुंडीतल्या तुळशीला किंवा गुलाबाला खत म्हणून घालावेत.