बटाट्याची फुले खुडावीत काय?

फ्रान्सचा राजा सोळावा लुई याने बटाट्याचे फूल कोटावर मिरविले आणि राणीने ते केसांत माळले, अशी आख्यायिका आहे. परंतु ज्याला कंदांशीच कर्तव्य, तो शेतकरी या फुलांकडे संशयाने पाहतो, आणि तो संशय अगदीच निराधार नाही.

बटाटा हे मूळ नसून जमिनीखालील खोडाच्या धुमाऱ्याचे फुगलेले टोक होय, आणि पानांनी सिद्ध केलेली शर्करा तेथे उतरून पिष्टरूपाने साठत असते. फुलांमागून कच्च्या टोमॅटोसारखी हिरवी, विषारी फळे धरली, की त्याच शर्करेवर दुसरा हक्कदार उभा राहतो. इंग्रज उद्यानविद् थॉमस अँड्र्यू नाइट याने 19व्या शतकाच्या आरंभी हा व्यवहार उलट बाजूने पडताळून पाहिला. लवकर तयार होणारी जी जात सहसा फुलत नसे, तिची झाडे मातीच्या ढिगांवर लावून, खुंट्यांना बांधून, बुडाची माती त्याने पाण्याच्या धारेने धुऊन काढली. तंतुमुळे तेवढी जमिनीत राहिली, कंद धरण्यास जागाच उरली नाही, आणि ती झाडे फुलली.

तेव्हा फुले खुडण्याचा सल्ला तत्त्वतः खरा. मात्र त्याचा लाभ अल्प, आणि तोही जेथे फळे भरपूर धरतात तेथेच. कित्येक जातींच्या कळ्या आपोआप गळतात. शिवाय मोठा दिवस फुलोऱ्यास मानवतो, सबब आपल्याकडील रब्बी हंगामात तो बेताचाच येतो. पुणे जिल्ह्यातील सातगाव पठारावरच्या पावसाळी बटाट्याला दिवस अधिक मोठा मिळतो खरा, पण तेथेही एकरभर शेतात मजूर घालून कळ्या वेचविल्यास मजुरीच वसूल होईल की नाही, याची मला शंका वाटते. त्यातच काही विषाणुरोग हातांनी आणि कपड्यांनी एका झाडावरून दुसऱ्यावर जातात, हा धोका वेगळाच. हिमाचल प्रदेशातील कुफरीसारख्या ठिकाणी नवी वाणे निर्माण करणाऱ्यांना तर हीच फुले हवी असतात, कारण संकर त्यांच्याच द्वारे होतो.

परसातल्या दहावीस झाडांची गोष्ट निराळी. कळ्यांचा घोस उमलण्यापूर्वीच देठाशी नखाने खुडावा, पाने मात्र दुखवू नयेत. हे राहून गेले तरी चालेल. परंतु वरंब्याला मातीची भर वेळेवर लावणे चुकवू नये, कारण उघडा पडलेला बटाटा उन्हाने हिरवा होतो आणि मग तो खाण्यास घातक ठरतो.