सात एकरांवरचे गाव

पिंपरी-चिंचवड आणि चाकण हा पट्टा आज मोटारींच्या आणि सुट्या भागांच्या कारखान्यांसाठी ओळखला जातो. या कारखान्यांच्या आधी इथे काय होते, असे विचारले की शेतीवर स्वतःपुरती जगणारी, बाहेरच्या जगाशी फारसा संबंध नसलेली खेडी होती, असे ठरावीक उत्तर मिळते. ते पडताळून पाहण्याची सोय या पट्ट्यापुरती तरी उपलब्ध आहे, कारण पवनेच्या काठच्या पिंपळे सौदागर या गावाची घरोघर आणि बांधोबांध केलेली पाहणी १९१७ सालीच पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे तत्कालीन प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी आपल्या सहकाऱ्यांच्या मदतीने केलेल्या या अभ्यासाचे नाव ‘लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज’ असे असून, कोणाची जमीन किती, ती किती ठिकाणी विखुरलेली, घरात मिळवते हात किती, कर्ज किती आणि वर्षाअखेर पदरात काय उरते, हे त्यात कुटुंबवार नोंदलेले आहे. भारतातील ग्रामीण अर्थजीवनाच्या शास्त्रशुद्ध पाहण्यांमध्ये ती अगदी सुरुवातीची मानली जाते.

मॅन यांच्या नोंदींतील सर्वांत बोलका भाग धारणक्षेत्राचा, म्हणजे एका खातेदाराकडे असलेल्या एकूण जमिनीचा आहे. जुन्या दप्तरांच्या आधारे त्यांनी दाखवले की १७७१ साली या गावात सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होते, पेशवाई संपली त्या १८१८ साली ते साडेसतरा एकरांवर आले होते, पुढच्या वीसेक वर्षांत १४ एकर आणि १९१४-१५ मध्ये अवघे ७ एकर उरले होते. तोपर्यंत गावातील ८१ टक्के खाती दहा एकरांच्या आतली झाली होती आणि ६० टक्के तर पाच एकरांहूनही लहान होती. ही सात एकर जमीनही सलग नव्हती. दीडशेहून थोड्या अधिक खातेदारांची जमीन सातशेवर तुकड्यांत विभागलेली होती. वडिलांच्या माघारी वाटणी करताना काळी, मुरमाड, विहिरीखालची आणि नदीकाठची अशा प्रत्येक प्रतीच्या जमिनीत प्रत्येक भावाला हिस्सा देण्याची रीत असल्याने न्याय जितका चोख होई तितके तुकडे वाढत. अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतील शेतकऱ्याशी तुलना केली तर हा फरक डोळ्यांत भरतो. तेथे १८६२ च्या होमस्टेड कायद्याने वसाहतीला आलेल्या कुटुंबाला १६० एकरांचा सलग चौकोन मिळाला, त्यामुळे घर शेतातच उभे राहिले आणि शेजारी अर्ध्या मैलावर गेला. पिंपळे सौदागरात माणसे गावठाणात भिंतीला भिंत लावून राहत आणि दिवसभर एका तुकड्यावरून दुसऱ्या तुकड्यावर जात.

या गावठाणातील दिवस पहाटे जात्यावर सुरू होई. घरातील माणसांपुरती बाजरी किंवा ज्वारी रोज दळावी लागे, कारण बाजरीचे पीठ दोन-चार दिवसांत कडू होते. म्हणून हे काम आठवड्यावर ढकलता येत नसे. दळताना बायका ज्या ओव्या गात, त्यांत माहेर, भाऊ, सासूचा जाच, पंढरीचा विठोबा आणि नांगराचे बैल हे सारे येई. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी मावळ-मुळशीपासून सुरुवात करून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि शेतकरी स्त्रीच्या मनाचा इतका विस्तृत दस्तऐवज दुसरा क्वचितच सापडेल. शेतकरी पुरुषाचे जगणे महसुली कागदांत उतरले, स्त्रीचे मात्र तिने स्वतःच गाऊन ठेवले, असे म्हणण्यास हरकत नाही. दळण झाले की नदीचे किंवा आडाचे पाणी, मग भाकऱ्या, शेणगोठा, गोवऱ्या आणि डोक्यावर न्याहारीची पाटी घेऊन शेतात जाणे हा क्रम असे. खुरपणी आणि काढणी ही कामे तर मुख्यतः बायकांचीच होती. शेणाच्या गोवऱ्यांचा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नव्हता, कारण सरपणाची टंचाई असल्याने जे शेण खत म्हणून रानात जायला हवे ते चुलीत जाई आणि आधीच थकलेल्या जमिनीचा कस आणखी घटे.

शेतीची अवजारे आणि पद्धती यांतही धारणक्षेत्राचे लहानपण मुरलेले होते. काळ्या जमिनीत जड लाकडी नांगर ओढायला चार ते आठ बैल लागत, आणि सात एकरांच्या धन्याला एका जोडीपलीकडे बैल पोसणे परवडत नसे. यातूनच सावड, म्हणजे दोन-तीन शेतकऱ्यांनी आपापले बैल आणि माणसे एकत्र करून पाळीपाळीने एकमेकांची शेते नांगरण्याची पद्धत टिकून राहिली. इर्जिक हा तिचाच मोठा प्रकार होता. त्यात अडलेल्याच्या शेतात गावातील अनेक औते एका दिवशी येत आणि त्या घराने सर्वांना जेवण घालावे एवढीच अपेक्षा असे. खेड्यातील एकोप्याचे हे दाखले कौतुकाने दिले जातात. ते कौतुक योग्यच असले तरी त्यांच्या मुळाशी बैलांचा तुटवडा होता, हेही सांगायला हवे. पेरणी पाभरीने होई. लाकडी पाभरीच्या चाड्यात मुठीने सारखे दाणे सोडणे हे कसबाचे काम मानले जाई. विहीर असलेल्या थोड्या भाग्यवानांकडे मोट चाले. बैलजोडी उतरत्या धावेवरून खाली गेली की चामड्याची मोट पाणी घेऊन वर येई, थारोळ्यात रिती होई आणि पाणी पाटाने वाफ्यांत जाई. मग बैल त्याच धावेवरून मागे सरत आणि तोच खेळ दिवसभर चाले. उरलेली सारी शेती आभाळावर अवलंबून होती. मॅन यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले त्याच्या पुढच्याच वर्षी, १९१८ मध्ये, पाऊस दगावला आणि पाठोपाठ इन्फ्लुएंझाची साथ आली.

पीक खळ्यावर आले की मळणीनंतर धान्याच्या राशीभोवती हक्कदार जमत. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, महार, मांग अशा बलुतेदारांना वर्षभराच्या कामाचा मोबदला रोख न मिळता पिकाच्या वाट्यात मिळे, आणि या वाट्याला बलुते म्हणत. या व्यवस्थेवर मराठीतील मूलभूत ग्रंथ त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गाव-गाडा’ हा असून तो मॅन यांच्या पुस्तकाच्या दोनच वर्षे आधी, १९१५ साली, प्रसिद्ध झाला. आत्र्यांनी बलुतेदारीचे गोडवे गायले नाहीत. पिढीजात हक्कामुळे कामाची प्रत खालावते आणि अनेकांच्या हक्कांचा भार शेवटी कुणब्याच्या राशीवर पडतो, असा त्यांचा रोखठोक आक्षेप होता. तो कुणब्याच्या बाजूने केलेला आक्षेप होता. गावकुसाबाहेरच्या महारवाड्यातून हीच व्यवस्था आणखी वेगळी दिसे, कारण सरकारी निरोप पोहोचवणे, सारा घेऊन जाणे, मेलेली गुरे ओढणे अशी कामे वतनाच्या नावाखाली वेळीअवेळी करावी लागत आणि ती नाकारण्याची मुभा नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महार वतनाविरुद्ध १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले ते याच कारणाने.

बाजार हा या जगण्याचा दुसरा आधार होता. शाईस्तेखानाच्या वेढ्यात फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० साली लढवलेल्या संग्रामदुर्गामुळे चाकणचे नाव इतिहासात आले असले तरी आसपासच्या खेड्यांच्या लेखी चाकण म्हणजे शनिवारचा बाजार होता. जनावरांची खरेदी-विक्री, मीठ-मिरची, बांगड्या, दोरखंड आणि सोयरिकीची बोलणी असे सारे काही तिथे उरकले जाई. खेड आणि जुन्नर तालुक्यांत बटाट्याचे पीक एकोणिसाव्या शतकातच रुजले होते, पुढे कांद्याने चाकणची ओळख पक्की केली, आणि ही दोन्ही पिके घरी खाण्यापेक्षा विकण्यासाठीच काढली जात. चिंचवडचे स्वरूप वेगळे होते. मोरया गोसावींच्या समाधीमुळे ते देवस्थानाचे आणि इनामाचे गाव होते, आणि १८५८ मध्ये पुणे-खंडाळा लोहमार्ग सुरू होऊन चिंचवडला स्थानक आले, तरी पुढची जवळजवळ शंभर वर्षे ते देवस्थानाचेच गाव राहिले. मध्यपश्चिम अमेरिकेत स्थानकाभोवती धान्याची कोठारे, पेढी, छापखाना असे नवे गाव उभे राही. इथे विकण्याजोगे धान्यच इतके थोडे उरे की रेल्वेला त्याचे गाव वसवता आले नाही.

मग सात एकरांवरचे घर चाले कसे? पहिला मार्ग कर्जाचा होता. सावकाराच्या वह्या आणि कर्जरोखे यांविरुद्ध पुणे जिल्ह्यातील सुपे येथे १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला, तरी लग्नकार्य, बैल मरणे आणि नापिकी या तीन प्रसंगी सावकाराचे दार ठोठावणे थांबले नाही. दुसरा मार्ग मजुरीचा होता, आणि पिंपळे सौदागरची खरी कहाणी इथे आहे. गावापासून काही मैलांवर खडकीची छावणी आणि १८६९ साली सुरू झालेला दारूगोळ्याचा कारखाना होता, तिथे गावातील माणसे कामाला जात. मॅन यांनी १०३ कुटुंबांचे तीन गट पाडले. केवळ स्वतःच्या शेतीवर नीट भागवू शकणारी कुटुंबे त्यांना अवघी आठ आढळली, शेतीला बाहेरच्या कमाईची जोड देऊन ज्यांचा मेळ बसे अशी अठ्ठावीस होती, आणि उरलेल्या सदुसष्ट, म्हणजे सुमारे ६५ टक्के कुटुंबांचे दोन्ही मिळूनही भागत नव्हते. ज्याला आज ‘कारखाने येण्यापूर्वीचे शेतीचे गाव’ म्हटले जाते, ते पहिल्या महायुद्धाच्या सुमारासच पगाराच्या आधारावर उभे होते. या गावाची पुन्हा केलेली पाहणी १९६० साली प्रसिद्ध झाली, पण तोवर सभोवतालचा प्रदेशच पालटू लागला होता.

हा पालट एका दिवसात झाला नाही. फाळणीनंतर पिंपरीला सिंधी निर्वासितांची वसाहत झाली. सार्वजनिक क्षेत्रातील पहिला औषध कारखाना, हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, १९५४ साली पिंपरीत स्थापन झाला. त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरला देहूरोडच्या विहारात डॉ. आंबेडकरांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. लष्करी डेपोच्या या वस्तीत रोख पगारावर जगणारे, गावच्या वतनाचे ओझे मागे टाकलेले कामगार मोठ्या संख्येने होते, आणि पगार ही सर्वांसाठी सारख्याच अर्थाची गोष्ट नव्हती हे त्यावरून दिसते. कुणब्याच्या घरात पगाराने जमीन राखली, महारवाड्यातून बाहेर पडलेल्याला त्याने गाव सोडण्याची मोकळीक दिली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर भोसरी आणि चिंचवड परिसरात जमिनी संपादित होऊ लागल्या, १९७० मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली, आणि पुढे चाकणच्या कांद्याच्या रानांत मोटारींचे कारखाने उभे राहिले. घाटातल्या बैलगाडा शर्यती मात्र या साऱ्यातून टिकल्या. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने घातलेल्या बंदीनंतर त्या पुन्हा सुरू व्हाव्यात म्हणून सर्वांत जोरदार मागणी करणाऱ्यांत हाच पट्टा होता, यात नवल नाही.

जमिनीच्या तुकड्यांचा प्रश्न सरकारनेही हाताळून पाहिला. मॅन आणि त्यांच्यासारख्या अभ्यासकांच्या आकड्यांमुळे तो चर्चेत आला, त्यावर १९२७ साली मुंबई कायदेमंडळात आलेले विधेयक तीव्र विरोधामुळे मागे पडले, आणि अखेर १९४७ मध्ये तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा झाला. ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडा वेगळा पाडून विकू नये, असा त्याचा आशय होता. शेती तोट्यात जाऊ नये म्हणून केलेल्या या कायद्याची गाठ पुढे कारखान्यांत कामाला आलेल्या माणसाच्या घराशी पडली. एकराचा चाळिसावा भाग म्हणजे गुंठा. कामगाराला परवडे एक-दोन गुंठे, शेतकऱ्यालाही तेवढाच तुकडा विकून पैसा उभा करणे सोयीचे वाटे, आणि कायद्याने तो व्यवहार नोंदवता येत नसे, त्यामुळे साध्या मुद्रांकावर लिहून दिलेल्या कागदांवर वस्त्यांमागून वस्त्या उभ्या राहिल्या. त्या नियमित करण्यासाठी राज्याला २००१ साली गुंठेवारी कायदा करावा लागला. तरी पिंपरी-चिंचवडच्या आणि चाकणच्या कित्येक सातबाऱ्यांवर आजही एकाच गटात डझनावारी नावे असतात. त्यांतली काही वाटणीतून आलेली असतात, तर काही गुंठ्याच्या खरेदीतून.