औषध तेच, मग किंमत दुसरी का?

शिराळा म्हटले की उभ्या महाराष्ट्राला नागपंचमी आठवते. आम्हांस मात्र २०२१ चे मे आणि जून हे दोन महिने आठवतात. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतून वाचून घरी परतलेल्या माणसांना त्या दिवसांत एका दुसऱ्याच रोगाने गाठले. लोक त्याला काळी बुरशी म्हणत, डॉक्टर म्युकरमायकोसिस म्हणत. शिराळा तालुक्यातील आमच्या एका शेतमजूर बांधवाला तो झाला. आधीचा मधुमेह, त्यात कोरोनावर घ्यावी लागलेली स्टेरॉइडची औषधे. डोळ्याखाली सूज आली आणि रुग्णालयाने चिठ्ठी लिहून दिली : लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन बी, ५० मिलिग्रॅमच्या बाटल्या.

हिशेब साधा होता आणि भयंकर होता. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ५ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला रोज ३०० मिलिग्रॅम, म्हणजे सहा बाटल्या, आणि हे कित्येक दिवस चालायचे. एक बाटली काही हजार रुपयांची. बाजारात ती मिळतच नव्हती. साठा जिल्हा प्रशासनामार्फत वाटला जात होता. बचत गटातील भगिनींनी शिल्लक मोडली, विहारात वर्गणी झाली, कार्यकर्ते सांगली, मिरज, कोल्हापूर पालथे घालत राहिले. माणूस वाचला. एक डोळा गेला.

त्या धावपळीत त्याच्या पत्नीने आम्हांस एक प्रश्न विचारला. "वकीलदादा, साधं इंजेक्शन म्हणं शेकड्यात मिळतंय आन् ह्ये हजारात. औषध तर त्येच हाय न्हवं? मग किंमत दुसरी का?"

अंगावर वकिलीचा काळा कोट असूनही त्या दिवशी आम्हांला उत्तर देता आले नाही. पुढे कायद्याची पुस्तके उघडली तेव्हा कळले की, त्या माउलीने विचारलेला प्रश्न नेमका तोच आहे, ज्यावर या देशाच्या सर्वोच्च न्यायालयात वर्षानुवर्षे वाद झाला. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम बाटलीत काय होते ते पाहू. ॲम्फोटेरिसिन बी हे काही नवे औषध नव्हे. ते १९५० च्या दशकातले आहे. बुरशीवर ते जालीम, पण रुग्णाच्या मूत्रपिंडालाही तितकेच जाचक. इंजेक्शन दिले की हुडहुडी भरून ताप येतो. शास्त्रज्ञांनी यावर उपाय काढला. त्यांनी हेच औषध स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म पिशव्यांत बसवले. या पिशव्यांना लायपोसोम म्हणतात. त्यांचा आकार नॅनोमीटरमध्ये मोजतात. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपल्या डोक्याचा एक केस सुमारे ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. अशा पिशवीतून औषध गेले की मूत्रपिंडाची हानी बरीच कमी होते आणि म्हणून रुग्णाला अधिक मात्रा देता येते. तेव्हा त्या भगिनीला पहिले उत्तर हे की, औषध तेच, पण ते वाहून नेणारे वाहन दुसरे, आणि या वाहनामुळे रुग्णाचा खरोखर फायदा होतो.

पण हे वाहन काय फक्त परदेशातच बनले? नाही. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात आणि त्याला जोडलेल्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी, दिल्ली विद्यापीठाच्या डॉ. बिमलकुमार बच्छावत यांच्या सहकार्याने, लायपोसोमल ॲम्फोटेरिसिनचे भारतीय रूप विकसित केले. केईएम हे महानगरपालिकेचे रुग्णालय. वारणाकाठच्या अनेक घरांतील माणसे ज्या परळ-लालबागच्या गिरण्यांत राबली, त्यांच्याच वस्तीतले. तिथे खाटेवर पडणारा रुग्ण गिरणी कामगार होता, सफाई कामगार होता. म्हणजे ज्या शास्त्राला आज नॅनोतंत्रज्ञान म्हणून मिरवले जाते, त्याचा एक महत्त्वाचा अध्याय सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या, गरिबांच्या रुग्णालयात लिहिला गेला आहे. पुढे मे २०२१ मध्ये टंचाई शिगेला पोहोचली, तेव्हा वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेस या कंपनीने ॲम्फोटेरिसिन बीचे स्निग्ध इमल्शन स्वरूपातील इंजेक्शन बनवण्यास सुरुवात केली. त्याची किंमत १,२०० रुपये असेल असे जाहीर झाले. त्या वेळी बाजारात असलेल्या इंजेक्शनचा भाव ७,००० रुपये सांगितला जात होता. वर्ध्यात ते या किमतीला बनू शकते, तर एरवी ते इतके महाग का असावे, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे.

याच सूक्ष्म शास्त्राच्या आणखी दोन वस्तू त्या काळात आपल्या वस्त्यांत येऊन गेल्या. पहिली म्हणजे कोरोनाच्या अँटिजेन चाचणीची पट्टी. घरच्या घरी करायच्या अशा चाचणीला मे २०२१ मध्ये भारतात पहिल्यांदा मान्यता मिळाली, ती पुण्याच्या मायलॅबच्या संचाला. किंमत २५० रुपये. अशा पुष्कळ पट्ट्यांवर जी लाल रेघ उमटते ती सोन्याची असते, हे किती जणांना ठाऊक आहे? गरोदरपण तपासण्याच्या पट्टीवरची रेघही बहुधा सोन्याचीच. सोन्याचा कण काही दहा नॅनोमीटरचा केला की तो पिवळा राहत नाही. त्यातील इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एकत्र हेलकावतात, हिरवा प्रकाश शोषून घेतात आणि कण लाल दिसतो. सोन्याच्या सूक्ष्म कणांचा हा लाल रंग मायकेल फॅरडे यांनी १८५७ साली लंडनमध्ये अभ्यासला. फॅरडे हे लोहाराचे पुत्र. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करताना बांधायला आलेली पुस्तके वाचून ते शास्त्रज्ञ झाले. आपल्याकडे लोहाराच्या मुलाला भाता सुटत नव्हता, तेव्हाची ही गोष्ट आहे.

दुसरी वस्तू आशाताईंच्या हातातली. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर. त्याच्या चिमट्यात अर्धवाहक पदार्थांच्या अतिसूक्ष्म थरांपासून बनवलेले बारीकसे दिवे असतात. ते लाल आणि अवरक्त प्रकाश बोटातून पलीकडे पाठवतात आणि पलीकडचा संवेदक किती प्रकाश पोहोचला ते मोजून रक्तातला प्राणवायू सांगतो. इलेक्ट्रॉनिक्सची ही करामत खरोखर अजब आहे. परंतु डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील मिशिगन येथील डॉक्टरांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. ऑक्सिमीटर ठीक आकडा दाखवत असताना प्रत्यक्षात प्राणवायू धोकादायक पातळीखाली गेलेला असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट आढळले. काळ्या कातडीतून प्रकाश वेगळ्या प्रमाणात जातो, आणि यंत्र पारखताना त्या कातडीचा पुरेसा विचार झालेला नव्हता. अखेर जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, अशा यंत्रांची चाचणी निरनिराळ्या वर्णांच्या अधिक माणसांवर करावी, असा मसुदा काढला. उन्हात राबून रापलेल्या आपल्या माणसांच्या बोटाला तेच यंत्र लावले गेले, हे विसरू नये. यंत्राला जात नसते, धर्म नसतो, हे खरे. पण ते बनवणाऱ्याने कोणाला डोळ्यांसमोर धरले, यावर त्याचा न्याय ठरतो.

आता कायद्याकडे येऊ. पेटंट म्हणजे एखादी नवी वस्तू वीस वर्षे दुसऱ्या कोणालाही बनवू न देण्याचा हक्क. २००५ साली भारताने औषधांवर उत्पादन-पेटंट देणे पुन्हा सुरू केले, तेव्हा संसदेने १९७० च्या पेटंट अधिनियमातील कलम ३ (डी) मध्ये एक कुंपण घातले. ज्ञात पदार्थाचे केवळ नवे रूप हा शोध नव्हे, असे ते कलम सांगते. त्याच्या स्पष्टीकरणात जी रूपे मोजली आहेत त्यांत क्षार आहेत, स्फटिकाचे प्रकार आहेत, आणि दोनच शब्द आणखी आहेत : कणाचा आकार. औषधाचा कण लहान केला, एवढ्यावर पेटंट मिळणार नाही. गुणकारकतेत लक्षणीय फरक दाखवावा लागेल. नॅनोऔषधांच्या युगात या दोन शब्दांचे मोल किती, ते वाचकांनीच ओळखावे.

हे कुंपण तोडण्याचा प्रयत्न झालाच. रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिव्हेक या औषधासाठी नोव्हार्टिस कंपनी कोर्टात गेली. कलम घटनाबाह्य आहे हा तिचा दावा मद्रास उच्च न्यायालयाने २००७ साली फेटाळला. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांच्या पीठाने अंतिम निकाल दिला की, औषधाच्या बाबतीत गुणकारकता म्हणजे रोग बरा करण्याची शक्ती. औषध शरीरात अधिक शोषले जाते एवढे सांगून भागणार नाही. कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे सव्वा लाख आणि भारतीय कंपन्यांच्या औषधाचा आठ-दहा हजार, असे त्या वेळी सांगितले जात होते. या एका निकालाने किती घरे वाचली असतील!

"औषध तेच, मग किंमत दुसरी का?" या प्रश्नाला पेटंट कायद्याने दिलेले उत्तर न्याय्य आहे. वेगळा हक्क हवा असेल तर रुग्णाचा वेगळा फायदा सिद्ध करा. सिद्ध करण्याचा भार कंपनीवर. पण किंमत नियंत्रणात मात्र चाक उलटे फिरते. राष्ट्रीय आवश्यक औषध सूचीतील औषधांना शासन कमाल किंमत ठरवते. २०१५ च्या सूचीने असे स्पष्ट केले की, लायपोसोमलसारखी नवी रूपे सूचीत स्वतंत्रपणे नोंदली असतील तरच ती सूचीत आहेत असे मानावे. ॲम्फोटेरिसिनचे लायपोसोमल रूप असे नोंदले गेले, हे आपले भाग्य. पण ज्या नव्या रूपाची नोंद नाही, त्याचे मूळ औषध सूचीत असले तरी ते रूप कमाल किमतीच्या बाहेर. वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक दरवाढ करता येत नाही एवढेच बंधन. मुळात किंमत किती ठेवावी याला मर्यादा नाही. म्हणजे पेटंट कार्यालयात कण लहान केल्याचा फायदा कंपनीने सिद्ध करायचा, आणि औषधाच्या दुकानात मात्र कोणी काही सिद्ध न करता लहान कणाची मोठी किंमत रुग्णाने मोजायची! हा विरोधाभास दूर झाला पाहिजे. आवश्यक औषधाचे जे नवे रूप रुग्णाच्या खऱ्या हिताचे आहे ते आपोआप सूचीच्या विचारार्थ आले पाहिजे, अशी आमची मागणी आहे.

हे काम तज्ज्ञांचे, आपण काय करणार, असे म्हणून हात झटकणाऱ्यांना आम्ही एक उदाहरण देतो. क्षयरोगावरील बेडाक्विलिन या औषधाच्या क्षाररूपावर जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीला आणखी पेटंट हवे होते. क्षयाच्या औषधोपचारात श्रवणशक्ती गमावलेल्या मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या दोघींनी त्याला हरकत घेतली. २३ मार्च २०२३ रोजी मुंबईच्या पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज नामंजूर केला. दोन रुग्ण स्त्रिया जिंकल्या, कारण पेटंट मिळण्यापूर्वी हरकत घेण्याचा हक्क कायद्याने "कोणत्याही व्यक्तीला" दिला आहे. मार्च २०२४ च्या नियमांनी मात्र अशा हरकतीला शुल्क लावले आणि ती दाखल करून घेण्यायोग्य आहे की नाही हे आधी तपासण्याची पायरी घातली. दरवाजा बंद केला नाही, पण उंबरठा उंच केला. उंबरठे उंच का केले जातात, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

शेवटी एकच. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले, त्यात विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्यांची मागणी होती. स्वतः कायद्याचे प्रकांड पंडित असलेल्या माणसाने समाजाच्या मुलांसाठी प्रयोगशाळा मागितली. आपण मात्र मुलांना बहुतांशी डी.एड., बी.एड. आणि स्पर्धा परीक्षेच्या रांगेत उभे करत राहिलो. आम्हीही त्याला अपवाद नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात नॅनोविज्ञानाचा विभाग आहे. शिराळ्याहून एसटीने जाण्याइतका तो जवळ आहे. यंदा बारावी विज्ञान झालेल्या आपल्या मुलामुलींपैकी किती जणांना त्याचे नाव माहीत आहे, हे प्रत्येक विहारात एकदा विचारून पाहावे.

परवा तो बांधव भेटला. एका डोळ्याने का होईना, भांगलणीला जातो. त्याची थोरली मुलगी यंदा अकरावी विज्ञानाला गेली. तिच्या आईच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही आता कायद्यातून देऊ शकतो. ती बाटली कशी बनते याचे उत्तर त्या मुलीने द्यावे, आणि त्यासाठी तिची फी, पुस्तके आणि एसटीचा पास यांची जबाबदारी आपण उचलावी. बाटलीसाठी वर्गणी काढणारा समाज प्रयोगशाळेसाठीही वर्गणी काढू शकतो.