सिद्धगडाच्या पायथ्याशी पॉइंट टू-टू: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरते, तेव्हा मुरबाड-शहापूरच्या पोरांच्या हाती वर्षातून एकदा बंदूक येते. ती असते फुगे फोडायची. आता मात्र वर्षभर त्यांच्या मोबाईलवर वेगळ्याच बंदुका दिसतात. अमेरिकेतल्या कुठल्याशा माळावर माणसं रिकामे डबे मांडून ठेवतात आणि हलक्या, सुबक रायफलींनी धडाधड उडवतात. ना खांद्याला धक्का, ना कानठळ्या. मग चावडीवर आणि एसटी थांब्यावर प्रश्न निघतात. यातली चांगली कोणती? आपल्याला मिळेल का? मिळाली तर रानात दोन-चार गोळ्या मारल्या तर काय बिघडलं?

या रायफली .२२ रिमफायर जातीच्या. बोलीत पॉइंट टू-टू. नेमबाजी शिकायला यांच्याइतकं उत्तम साधन दुसरं नाही. पण त्यांच्याविषयीची अर्धवट माहिती माणसाला एकतर दवाखान्यात नेते, नाहीतर कोर्टात. म्हणून एकेक समज तपासून पाहू.

गैरसमज १: टू-टू म्हणजे जरा मोठी छऱ्याची बंदूक

वस्तुस्थिती: दोन्हींच्या नळीत फरक जेमतेम एका मिलिमीटरचा, पण ताकदीत जमीन-अस्मानाचा. स्पर्धेतली १० मीटरची एअर रायफल साधारण साडेसात ज्यूल ऊर्जेने छर्रा सोडते. .२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासून वापरात आहे. त्याची सुमारे अडीच ग्रॅमची शिशाची गोळी नळीतून सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास वेगाने निघते आणि तिच्यात सुमारे १४० ज्यूल ऊर्जा असते. म्हणजे एअर रायफलच्या जवळजवळ वीसपट. नळी वर करून सोडलेली गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, आणि ती कुणाला लागली तर जीव घेऊ शकते.

आणखी एक धोका आपल्या मुलखात विशेष आहे. मऊ शिशाची ही गोळी कातळावर किंवा पाण्यावर तिरकी आदळली की उसळून भलत्याच दिशेला जाते. सह्याद्रीचा कडा पाठीशी आहे, तेव्हा गोळी त्यातच अडेल, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण काळ्या कातळावरून ती परतून येते. गोळी अडते ती मातीच्या उंच, जाड बांधात. म्हणूनच रेंजवर लक्ष्यांच्या मागे असा बांध घातलेला असतो.

गैरसमज २: सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे चाप दाबून धरला की गोळ्यांचा पाऊस

वस्तुस्थिती: चाप दाबून धरला की गोळ्या सुटत राहतात ते पूर्ण स्वयंचलित शस्त्र. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये एका दाबाला एकच गोळी सुटते. पुढच्या गोळीसाठी चाप सोडून पुन्हा दाबावा लागतो. स्वयंचलित असतं ते फक्त पुढचं काडतूस भरण्याचं काम.

.२२ मध्ये ही रचना फार साधी असते. काडतुसाच्या बुडाची कड दुमडलेली असते आणि तिच्यातच पेट घेणारा मसाला भरलेला असतो. चापाबरोबर सुटलेली पिन त्या कडेवर आपटते, म्हणून हे रिमफायर. गोळी पुढे जाते तेव्हा वायूचा दाब रिकाम्या पुंगळीला मागे ढकलतो, पुंगळी बोल्टला ढकलते. बोल्टला कुलूप नसतं. त्याचं वजन आणि स्प्रिंगचा जोर एवढ्यावरच तो क्षणभर थोपलेला असतो. मागे जाताना तो पुंगळी बाहेर फेकतो, पुढे येताना नवं काडतूस नळीत सारतो. पुढचा गैरसमज कळण्यासाठी ही रचना ध्यानात ठेवायला हवी.

गैरसमज ३: सगळ्या सेमी-ऑटोमॅटिक टू-टू सारख्याच, आणि कुठलंही काडतूस चालतं

वस्तुस्थिती: हौशी नेमबाजीत जगभर चार नावं वारंवार ऐकू येतात. चौघींचा स्वभाव वेगळा आहे.

रूगर १०/२२ ही १९६४ सालची. वजन सव्वादोन किलोच्या आसपास. तिचं खरं वैशिष्ट्य म्हणजे दहा काडतुसांचं गोल फिरणारं मॅगझिन. ते रायफलीच्या पोटात पूर्ण बसतं, बाहेर लोंबत नाही, आणि काडतुसांच्या कडा एकमेकींत अडकू देत नाही. तिचे सुटे भाग इतके मिळतात की नळीपासून दस्त्यापर्यंत सगळं बदलता येतं. ज्याला बंदूक उघडून समजून घ्यायची आवड आहे, त्याच्यासाठी ही.

मार्लिन मॉडेल ६० ही १९६० ची. हिची काडतुसं नळीखालच्या लांब नळकांड्यात एकामागे एक भरतात. मॅगझिन हरवायची भीती नाही, किंमतही कमी, म्हणून ती लाखोंच्या संख्येने खपली. पण भरायला वेळ लागतो आणि रिकामी करताना शेवटचं काडतूस आत राहून जाण्याचा धोका असतो. नवशिक्याला शिकवताना याकडे डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं.

ब्राउनिंगची एसए-२२ ही थोर रचनाकार जॉन ब्राउनिंग यांची, १९१४ पासून चालत आलेली. काडतुसं दस्त्यातून भरली जातात, पुंगळ्या खालच्या बाजूने पडतात आणि रायफल दोन तुकड्यांत सुटी होते. पुंगळी बाजूला उडत नसल्याने डावखुऱ्यांनाही ती सोयीची. कारागिरी देखणी, किंमतही तशीच.

स्मिथ अँड वेसनची एम अँड पी १५-२२ ही २००९ ची. दिसायला लष्करी, अंगाने प्लॅस्टिकसारख्या पॉलिमरची. मॅगझिन पंचवीस काडतुसांचं. या रूपामुळे तिला जास्त मारक समजतात. पण गोळी तीच, वेग तोच, ऊर्जा तीच.

आता काडतुसाचं. बोल्ट मागे ढकलायला पुरेसा जोर लागतो. हळू वेगाच्या, आवाज कमी करणाऱ्या काडतुसांत तो अनेकदा पुरत नाही आणि पुंगळी दारातच अडकते. शिवाय टू-टूच्या पुष्कळ काडतुसांच्या गोळीवर मेणाचा थर असतो. मेण, शिसं आणि काजळी मिळून आत राप चढतो. वेळच्या वेळी साफ न केलेली सेमी-ऑटोमॅटिक टू-टू अडखळतेच. अशी अडखळली, किंवा चाप दाबूनही गोळी सुटली नाही, तर नळीत डोकावायचं नाही. नळी लक्ष्याकडेच धरून अर्धं मिनिट थांबायचं आणि मगच बोल्ट उघडायचा, कारण काडतूस कधीकधी उशिरा पेट घेतं.

गैरसमज ४: सेमी-ऑटोमॅटिक आधुनिक, म्हणून नेम जास्त अचूक

वस्तुस्थिती: १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक घेतलं, ४५१.४ गुणांनी. या प्रकारातलं भारताचं हे पहिलं ऑलिंपिक पदक. त्याच्या रायफलीत जातं ते .२२ चंच काडतूस. पण आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ५० मीटरची रायफल एकेरी असावी लागते: प्रत्येक गोळी हाताने भरायची, हाताने बोल्ट लावायचा. तिथे दहा गुणांचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं, आपल्या करंगळीच्या नखाएवढं. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनचं जागतिक विजेतेपद मिळवलं, तेही अशाच एकेरी रायफलीने.

एकेरी रायफलीचा बोल्ट घट्ट बंद होतो, प्रत्येक वेळी काडतूस सारखंच बसतं आणि नेमबाजाला दोन गोळ्यांच्या मध्ये श्वास जागेवर आणायला वेळ मिळतो. अचूकता येते ती यातून. एनसीसीच्या कॅडेटना टू-टू शिकवतात तीही बोल्टचीच.

सेमी-ऑटोमॅटिक रिमफायरला खेळात जागाच नाही, असं मात्र नाही. २५ मीटर पिस्तूल प्रकारात .२२ चं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूलच लागतं. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्ण जिंकलं, आणि आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली.

गैरसमज ५: टू-टूचा परवाना काढला की कुठलीही टू-टू घेता येते

वस्तुस्थिती: शस्त्र नियम २०१६ मध्ये रायफली आणि पिस्तुलांच्या श्रेण्या ठरवल्या आहेत. पिस्तुलांसारखे अपवाद सोडले, तर सेमी-ऑटोमॅटिक बंदुका पहिल्या श्रेणीत येतात. त्यांचा परवाना ठाण्याचे जिल्हाधिकारी देऊ शकत नाहीत. तो अधिकार केंद्र सरकारचा. सामान्य माणसाला हौसेसाठी रूगर किंवा मार्लिन घेण्याचा मार्ग त्यामुळे व्यवहारात बंद आहे. जिल्हा पातळीवरच्या परवान्यावर मिळते ती बोल्टची टू-टू. आपल्याकडे बंगालातल्या इशापूरच्या सरकारी कारखान्याने अशी स्पोर्टिंग रायफल बनवली आहे. त्यासाठीही वय २१ पूर्ण हवं, शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र हवं आणि पोलिसांची पडताळणी व्हावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच अग्निशस्त्रं बाळगता येतात. हळदीत किंवा वरातीत हवेत गोळी झाडून कुणाचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

परदेशात सगळं मोकळं असतं हेही खरं नाही. ब्रिटनने १९८८ मध्ये सेमी-ऑटोमॅटिक रायफलींवर बंदी घातली आणि फक्त .२२ रिमफायरला प्रमाणपत्रावर सूट ठेवली. ऑस्ट्रेलियात १९९६ च्या पोर्ट आर्थर हत्याकांडानंतर सेमी-ऑटोमॅटिक टू-टूसुद्धा शेतीसारखं ठोस कारण असल्याशिवाय मिळेनाशी झाली. न्यूझीलंडने २०१९ मध्ये बंदी आणताना दहा काडतुसांपर्यंतच्या .२२ ला वगळलं. अनेक मराठी कुटुंबं राहतात त्या न्यू जर्सीत तर जास्त काडतुसं मावणारी जुनी मार्लिन ६० २०१८ पर्यंत थेट निषिद्ध शस्त्रांत धरली जात होती. भाच्याने तिकडून पाठवलेल्या व्हिडिओवरून इकडच्या कायद्याचा अंदाज बांधू नये.

गैरसमज ६: एअरगनला परवाना नाही, मग रानात न्यायला हरकत नाही

वस्तुस्थिती: ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या नळीच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअरगनला परवाना लागत नाही, एवढं खरं. पण रानात दुसरा कायदा लागू होतो: वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. त्याच्या व्याख्येत प्राण्याला इजा करू शकणारं कुठलंही साधन हे शस्त्र आहे. फासा, जाळं, धनुष्यबाण, एअरगन, अगदी बेचकीसुद्धा.

मुरबाडचा सिद्धगड किल्ला भीमाशंकर अभयारण्याच्या परिसरात येतो. पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांत पसरलेलं हे सुमारे १३० चौरस किलोमीटरचं अभयारण्य १९८५ मध्ये जाहीर झालं, आपल्या राज्यप्राण्याचं, शेकरूचं घर म्हणून. लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन पाऊल टाकणं हाच गुन्हा आहे, गोळी सुटो वा न सुटो. अभयारण्यातल्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद आहे. वापरलेलं शस्त्र आणि वाहन सरकारजमा होतं.

गावकऱ्यांना सहसा न सांगितलेलं एक कलमही इथे आहे. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या प्रत्येक परवानाधारकाने आपलं नाव मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंदवायचं असतं, आणि त्यांच्या संमतीशिवाय त्या पट्ट्यात नवा शस्त्रपरवाना देता येत नाही. भीमाशंकरमुळे मुरबाडच्या आणि तानसा अभयारण्यामुळे शहापूरच्या कित्येक वाड्या या पट्ट्यात येतात. ठासणीची बंदूक घरात वारशाने आली असेल, तरी हे लागू आहे.

गैरसमज ७: रानडुकराने भात तुडवलं, तर टू-टूने मारायला मुभा आहे

वस्तुस्थिती: पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराला मारण्याची परवानगी कायद्यात आहे, पण ती वनाधिकाऱ्याने लेखी द्यायची असते. आणि परवानगी मिळाली तरी टू-टू त्या कामाची नाही. रानडुकराची कातडी जाड, हाडं भक्कम. अडीच ग्रॅमच्या गोळीने ते मरत नाही, जखमी होतं, आणि जखमी रानडुक्कर सकाळी लाकूडफाट्याला निघालेल्या बाईच्या वाटेत येतं. रात्री झुडपात हालचाल दिसली म्हणून गोळी झाडणारा माणूस समोर डुक्कर आहे की शेजारी, हे ओळखू शकत नाही. शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे, राग खरा आहे. त्यासाठी वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करावा, पंचनामा वेळेत करून घ्यावा आणि परवानगीचा आग्रह गावाने मिळून धरावा.

मग नेम धरायचा कुठे?

सिद्धगडाच्या या जंगलाने गोळ्या पाहिल्या आहेत. २ जानेवारी १९४३ रोजी इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या आझाद दस्त्याचे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इथेच पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. दरवर्षी त्या दिवशी पहाटे माणसं इथे येऊन त्यांना मानवंदना देतात. त्या भूमीवर हौसेखातर डबे उडवावेत असं कुणाला वाटू नये, कायदा आड येतो म्हणूनच नव्हे.

पण पोराला नेमबाजीची ओढ असेल तर ती दाबूही नये. कॉलेजात एनसीसी असेल तर तिथे नाव घालावं. अंजली भागवत यांनी पहिल्यांदा रायफल धरली ती एनसीसीतच. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, पुण्यात बालेवाडीला शासनाची आहे आणि मुरबाडहून त्यातल्या त्यात जवळ म्हणजे नवीन पनवेलला सुमा शिरूर यांची लक्ष्य अकादमी. सुरुवात १० मीटर एअर रायफलने करावी. तिथे दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि तो सापडायला लागला की टू-टू हातात घ्यायची तयारी झालेली असते. खर्च आहे, प्रवास आहे, पण कांबळवाडीहूनही कुणीतरी हा रस्ता चालत गेलंच.

आणि सिद्धगडाच्या रानात बंदुकीचा आवाज कानी आला, तर वनखात्याच्या १९२६ या मोफत क्रमांकावर कळवावं. तो फोन एखाद्या शेकरूला वाचवेल, आणि कदाचित गोळी झाडणाऱ्या पोरालाही.