पडद्यावरचं आकाश किती खरं असावं?

शिरोड्याहून दक्षिणेकडे निघालं की तेरेखोल, शापोरा, मांडवी आणि झुवारी ओलांडून दाबोळी येतं. तिथल्या ‘आयएनएस हंसा’ या नौदल तळावर विमानवाहू जहाजाच्या डेकची नक्कल चक्क जमिनीवर बांधली आहे. उड्डाणासाठी पुढे वर उचललेला स्की-जंपचा चढ, आणि उतरणाऱ्या विमानाचा हुक अडकावा म्हणून आडव्या तारा. नौदलासाठीच्या तेजसचं पहिलं स्की-जंप उड्डाण कमोडोर जयदीप मावळणकर यांनी २० डिसेंबर २०१४ रोजी इथूनच केलं. १३ सप्टेंबर २०१९ रोजी तेजस पहिल्यांदा तारेला हुक अडकवून थांबलं, तेही इथेच. मग ११ जानेवारी २०२० रोजी मावळणकरांनी ते भर समुद्रात ‘आयएनएस विक्रमादित्य’वर उतरवलं. ताशी २४४ किलोमीटरचा वेग अडीच सेकंदांत आणि ९० मीटरांत शून्यावर आला.

दाबोळीचा डेक हलत नाही. खाली लाटा नाहीत, जहाज पुढे सरकत नाही. म्हणजे जिवावर बेतणारं काम करणाऱ्या वैमानिकालाही वास्तव एकदम दिलं जात नाही. आधी त्यातला कळीचा तुकडा, बाकीचं नंतर. संगणकावर हवाई युद्ध खेळणाऱ्यांमध्ये ‘खरेपणा हवा की मजा’ हा वाद वर्षानुवर्षं चालू आहे, आणि मला त्याचं उत्तर या न हलणाऱ्या डेकमध्ये दिसतं.

वाद जुना आहे. अमेरिकेत १९८८च्या सुमारास केस्माय कंपनीचा ‘एअर वॉरियर’ हा खेळ फोनच्या तारेवरून, तासाला पैसे मोजून, अनेकांनी एकाच आकाशात खेळायचा असे. त्यातही पुढे दोन आखाडे झाले. एकात विमान गिरकी खाऊन कोसळायचं, जोरात वळवलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. दुसऱ्यात ही सगळी पथ्यं सैल. आजच्या ‘वॉर थंडर’मध्ये तेच तीन पायऱ्यांवर आहे. आर्केडमध्ये नेम कुठे धरायचा याची खूण पडद्यावरच दिसते आणि गोळ्या हवेतच पुन्हा भरल्या जातात. मधल्या पायरीवर गोळ्या संपल्या की धावपट्टीवर परतावं लागतं. सिम्युलेटर पायरीवर फक्त कॉकपिटमधून दिसेल तेवढंच जग, आणि शत्रूच्या डोक्यावर कसलीही पाटी नाही.

कडव्या खेळाडूंचा सगळा आग्रह या पाटीवर असतो. विमानाजवळ त्याचं नाव, अंतर दाखवणारी अक्षरं म्हणजे लबाडी, असं ते मानतात. इथे थोडा हिशेब करून पाहावा. दहा मीटर पंखांचं लढाऊ विमान तीन किलोमीटरवर आहे. नेहमीच्या, आडवे १९२० ठिपके असलेल्या पडद्यावर ९० अंशांचं दृश्य ठेवलं, तर ते विमान जेमतेम तीन ठिपक्यांचं होतं. निरोगी डोळ्याला मात्र त्याच अंतरावरून पंख कुठल्या बाजूला कलले आहेत हे कळू शकतं, कारण डोळा त्याच्या तिप्पट-चौपट बारीक पाहतो. पाटी काढून टाकली की खेळ खरा होत नाही, वैमानिक अर्धा आंधळा होतो. म्हणून मला मधला मार्ग पटतो: जवळ आलेल्या विमानाला फिकट खूण, लांबच्याला काहीच नाही. ही सवलत पडद्याची उणीव भरून काढते, खेळाडूच्या चुका झाकत नाही.

दुसरी अडचण तारेतली. सर्व्हर युरोपात आणि खेळणारा शिरोड्यात, तर माहिती जाऊन यायला सेकंदाचा पाचवा भाग सहज जातो. ताशी ५०० किलोमीटरने उडणारं विमान तेवढ्यात २८ मीटर पुढे गेलेलं असतं. आपण नेम धरतो ती जागा रिकामी असू शकते. अशा वेळी मारा लागला की नाही हे ठरवताना खेळानं थोडं सैल राहावं, यात कमीपणा काहीच नाही.

मग कशात तडजोड नको? उंची म्हणजे साठवलेला वेग, या गणितात. चढताना वेग जातो, सूर मारताना परत मिळतो. फार करकचून वळलं की वेग संपतो आणि पंख हवा धरेनासे होतात. इंधन मोजकंच. लढाईतला प्रत्येक निर्णय यातून निघतो, आणि खरी मजाही यातूनच येते. आपल्या दशावतारात बाकडं सिंहासन होतं ते कुणालाच खटकत नाही, पण युद्धाचा ठेका चुकला तर प्रेक्षक लगेच ओळखतो. तसंच इथे. ‘डीसीएस’ या खेळात बंद असलेलं ए-१० विमान सुरू करायला कित्येक मिनिटं एकेक बटण दाबत बसावं लागतं. ते शिकण्यात आनंद आहे, मी तो नाकारत नाही. पण दिवसभर काम करून रात्री तासभर मोकळा झालेल्या माणसावर ती सक्ती नको. इंजिन सुरू असलेलं विमान त्याला मिळावं, हवेत गेल्यावर मात्र नियम सर्वांना सारखे.

आपल्या हवाई दलानंही २०१९ साली ‘इंडियन एअर फोर्स: अ कट अबव्ह’ हा मोबाइलवरचा खेळ काढला, आणि तो बोटानं खेळता येईल इतका सोपा ठेवला. तरुणांना या क्षेत्राकडे वळवायचं तर दार रुंदच हवं. त्या दारातून आत आलेल्यांसाठी पुढच्या पायऱ्या असाव्यात, एवढंच.

घरातल्या मुलाला ही गोडी लागली असेल तर महागडी विमानं विकत घेऊ नका. ‘डीसीएस’मध्ये टीएफ-५१ हे सरावाचं विमान फुकट आहे. एक साधी जॉयस्टिक आणा आणि पहिले काही दिवस त्याला फक्त उडू-उतरू द्या, लढाई नंतर. आणि सुट्टीत गोव्याला गेलात तर बोगमाळोजवळच्या नौदल हवाई संग्रहालयात त्याला जरूर न्या. तिथे सी हॅरियर उभं आहे.