बंदूक बोलते, जाकीट ऐकतं

'लेझर टॅग' या खेळण्याच्या नावात लेझर आहे, पण घरी खेळायच्या संचात तो सहसा नसतोच. असतो एक इवलासा एलईडी, टीव्हीच्या रिमोटमध्ये असतो तसलाच. त्यातून अवरक्त, म्हणजे आपल्या डोळ्यांना न दिसणारा प्रकाश निघतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर रिमोट धरून बटण दाबा. पुष्कळशा फोनमध्ये जांभळट ठिपका लुकलुकताना दिसेल.

एलईडीचा प्रकाश एरवी पसरतो. बंदुकीच्या नळीतलं भिंग त्याला आवळून झोत करतं. खरी गंमत पुढेच आहे. चाप ओढला की हा प्रकाश सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा लुकलुकतो, आणि तेही अखंड नाही, थांबत थांबत. जुन्या तारयंत्राची कडकट्ट आठवते ना? तसेच हे लांब-आखूड तुकडे. त्यांतून निरोप जातो : 'मी अमुक संघाचा.'

समोरच्याच्या जाकिटावर, काही संचांत बंदुकीवरच, एक काळसर मणी बसवलेला असतो. दिव्याचा एकसारखा उजेड तो सोडून देतो आणि नेमकं त्याच लयीतलं लुकलुकणं उचलतो. मग आतली चिप आकडा वाचते. आपल्याच संघाचा असेल तर दुर्लक्ष. परका असेल तर दिवा लागतो, आवाज होतो, एक 'जीव' कमी होतो. म्हणजे लागलं की नाही, हे मारणारा ठरवतच नाही. ठरवतो तो ज्याला लागलं त्याचा मणी. नजरेच्या बाणांवर आम्ही कवींनी रिमच्या रिम कागद खर्ची घातले, त्या बाणांचंही असंच असावं!

दोघांनी एकाच मण्यावर एकाच क्षणी चाप ओढला, तर दोन निरोप एकमेकांत मिसळतात आणि बहुधा एकही वाचता येत नाही. 'मी मारलं होतं!' हे मुलांचं भांडण म्हणूनच अगदीच खोटं नसतं. पांढऱ्या भिंतीवरून झोत उलटतो, त्यामुळे घरात आडोशाला लपलेलाही सापडतो. बाहेर भर उन्हात मात्र पल्ला घटतो, कारण उन्हातही अवरक्त प्रकाश भरपूर असतो. अंगणात खेळायचं तर संध्याकाळ बरी.

पालकांना डोळ्यांची काळजी वाटते. रिमोटसारखा हा क्षीण प्रकाश नेहमीच्या खेळात अपाय करत नाही. पण 'खरा लेझर हवा' म्हणून मुलं बाजारातला लेझर पॉइंटर बंदुकीला बांधतात, ते आधी सोडवा. त्याचा झोत डोळ्याच्या पडद्याला कायमची इजा करू शकतो.

आणखी एक. १९८६ मध्ये अमेरिकेत 'वर्ल्ड्स ऑफ वंडर' या कंपनीने 'लेझर टॅग' बाजारात आणला आणि त्याचं वेडच लागलं. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रँचो कुकामोंगा इथे रात्री हा खेळ खेळणाऱ्या १९ वर्षांच्या तरुणाच्या हातातली बंदूक पोलिसाला खरी वाटली. पोलिसाने झाडलेल्या गोळीने तो गेला. खेळण्यातल्या बंदुकांवर भडक नारिंगी खूण असावी, असा कायदा तिथे १९८८ मध्ये झाला. तुमच्या घरच्या बंदुकीचं तोंड नारिंगी असेल, तर ते मुलांना काळं रंगवू देऊ नका.