खचलेल्या मनाचे औषध आणि घरची शुश्रूषा

घरात कोणास ताप आला तर आपण रात्र जागून काढतो. मन खचले तर मात्र ‘उगीच विचार करीत बसू नकोस’ एवढे सांगून मोकळे होतो. माझ्या थोरल्या भावजयीचे असेच झाले. झोप उडाली, अन्न गोड लागेना, नमाजास बसली तरी डोळ्यांना धार लागे. डॉक्टरांनी अमिट्रिप्टिलीनच्या गोळ्या दिल्या. आठ दिवसांत गुण दिसेना म्हणून आम्हीच त्या बंद केल्या आणि दुखणे वाढविले. तशी चूक इतरांकडून होऊ नये, म्हणून हे चार शब्द.

ह्या वर्गातील पहिले औषध इमिप्रामीन. त्याचा खिन्नतेवरील गुण स्वित्झर्लंडमधील डॉक्टर रोलंड कून यांनी १९५६ साली ओळखला. रेणूत तीन वलये जोडलेली असतात, म्हणून ही औषधे त्रिवलयी म्हणविली जातात. मेंदूतील सेरोटोनिन व नॉरॲड्रेनॅलिन ह्या द्रव्यांचा प्रभाव ती टिकवून धरतात. झोप लवकर सुधारते. परंतु मन उभारी धरण्यास दोन ते चार आठवडे, क्वचित अधिकही लागतात. तोवर धीर धरणे हीच पहिली शुश्रूषा होय.

गुणाआधी त्रास जाणवतो. तोंड कोरडे पडते. घोटघोट पाणी द्यावे. बद्धकोष्ठ होते, पालेभाज्या व फळे वाढवावीत. एकदम उठल्यास भोवळ येते; म्हणून रोग्याने आधी खाटेच्या कडेवर बसावे, मग आधार घेऊन उभे राहावे. वृद्धांच्या वाटेत रात्री दिवा ठेवावा. गुंगी असेतो वाहन चालवू नये. मद्य तर वर्ज्यच.

हृदयविकार, काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास, फेफरे, पूर्वी येऊन गेलेला उन्मादाचा झटका, गर्भारपण किंवा चालू असलेली इतर औषधे, यांपैकी काहीही असल्यास डॉक्टरांस आधीच सांगावे. लघवी अडली, डोळा दुखू लागला, छाती धडधडली, शुद्ध हरपली किंवा रोगी अचानक अतिउत्साही झाला, तर विलंब न करता डॉक्टरांस गाठावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जादा मात्रा हृदयाची लय बिघडवून प्राण घेऊ शकते. गोळ्या कुलपात, मुलांच्या हाती न लागतील अशा ठेवाव्यात. साठा थोड्याच दिवसांचा आणावा व रोजची गोळी घरच्यांनी हाताने द्यावी. आरंभीच्या आठवड्यांत, विशेषतः तरुण रोग्यांत, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार बळावू शकतात. ‘तसे काही मनात येते का?’ असे मायेने विचारावे; विचारल्याने ते विचार वाढत नाहीत. तशी शंका आली तर रोग्यास एकटे सोडू नये. २०२२ पासून भारत सरकारची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर अहोरात्र मिळते. जादा गोळ्या पोटात गेल्या असतील तर रोगी धडधाकट दिसला तरी थांबू नये. वांती न करविता, गोळ्यांचे पाकीट घेऊन थेट रुग्णालय गाठावे.

बरे वाटले म्हणून औषध आपल्या मनाने सोडू नये. ते पुढे काही महिने चालते व मग मात्रा हळूहळू उतरवितात. रमजानचे रोजे असोत वा एकादशीचा उपास, वेळ कशी सांभाळावी हे डॉक्टरांसच विचारावे.

आमच्या भावजयीने दुसऱ्या खेपेस औषध नेमाने घेतले. आज ती पुन्हा नातवंडांना अंगणात गोष्टी सांगते. मनाच्या दुखण्याची लाज धरली नाही, तर असे अनेक अंगण पुन्हा बोलते होईल.